डनबर हायस्कूल : निकालामागची मुलं

१८९९ साली वॉशिंग्टन शहरातल्या चार सरकारी हायस्कुलांमध्ये एक सामाईक परीक्षा झाली. तीन शाळा गोऱ्या मुलांच्या, चौथी कृष्णवर्णीय मुलांची. त्या चौथ्या शाळेनं तीनपैकी दोन गोऱ्या शाळांना मागं टाकलं. अमेरिकेतली गुलामगिरी संपून तेव्हा ३४ वर्षं झाली होती. म्हणजे परीक्षेला बसलेल्या कितीतरी मुलांचे आईवडील गुलाम म्हणून जन्मलेले असणार.

ही शाळा १८७० मध्ये एका प्रेस्बिटेरियन चर्चच्या तळघरात सुरू झाली. (आपल्याकडे १८७३ साली जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. काळ तोच आहे, एवढं लक्षात असू द्या.) १८९१ मध्ये शाळा एम स्ट्रीटवर गेली आणि तेच तिचं नाव झालं. १९१६ मध्ये नवी इमारत मिळाली, तेव्हा कवी पॉल लॉरेन्स डनबर यांचं नाव दिलं गेलं.

शाळा चांगली का होती? पहिलं उत्तर शिक्षकांचं. आणि इथं मला जरा रेंगाळायचं आहे. वॉशिंग्टन हा कुठल्या राज्याचा भाग नाही, तिथला कारभार तेव्हा थेट काँग्रेसच्या हाती होता. त्यामुळं तिथं कृष्णवर्णीय शिक्षकांना गोऱ्या शिक्षकांच्याच श्रेणीनं पगार मिळायचा. दक्षिणेत हे स्वप्नातही नव्हतं. दुसरीकडं, गोऱ्यांच्या विद्यापीठांत या लोकांना नोकरी मिळत नसे. मग हार्वर्ड, ओबर्लिनची पदवी घेतलेला माणूस जाणार कुठं? तो हायस्कुलात शिकवायला यायचा. हार्वर्डचे पहिले कृष्णवर्णीय पदवीधर रिचर्ड ग्रीनर इथं मुख्याध्यापक होते. इतिहासकार कार्टर वुडसन इथं शिकवत असतानाच १९१२ मध्ये हार्वर्डचे डॉक्टरेट झाले. १९२१ साली अमेरिकेत पहिल्यांदा तीन कृष्णवर्णीय स्त्रियांना पीएच.डी. मिळाली. त्यातल्या जॉर्जियाना सिम्पसन इथल्या शिक्षिका, सेडी अलेक्झांडर इथल्या विद्यार्थिनी, आणि इव्हा डाइक्स तर दोन्ही!

अ‍ॅना ज्युलिया कूपर यांचं नाव घेतल्याशिवाय पुढं जाता येत नाही. जन्म गुलामगिरीत. १९०२ मध्ये मुख्याध्यापिका झाल्या. मुलांना लॅटिन आणि गणित शिकवून थेट मोठ्या विद्यापीठांत पाठवायचं, हा त्यांचा आग्रह. त्या काळात कृष्णवर्णीय मुलांना सुतारकाम, शिवणकाम शिकवलं म्हणजे पुरे, असं मानणारे पुष्कळ वजनदार लोक होते. शिक्षण मंडळाशी वाद झाला आणि १९०६ मध्ये बाईंना पद सोडावं लागलं. १९१० मध्ये त्या परत आल्या, साध्या शिक्षिका म्हणून! वयाच्या साठीनंतर, १९२५ मध्ये, त्यांनी सोरबोनची डॉक्टरेट मिळवली.

आता मुलांकडं वळू. या शाळेबद्दल एक बोलणं कायम ऐकू येतं, की ती डॉक्टर-वकिलांच्या मुलांची शाळा होती, निकाल चांगला लागणारच. अर्थतज्ज्ञ थॉमस सोवेल यांनी जुने कागद तपासले. १८९२-९३ मधल्या ज्या पालकांचा व्यवसाय नोंदलेला आहे, त्यांत ५१ मजूर आणि एक डॉक्टर! तेव्हा ‘उच्चभ्रूंची शाळा’ ही गोष्ट निदान सुरुवातीच्या काळापुरती टिकत नाही.

पण सोवेल इथून जिथवर जातात, तिथवर मी जाणार नाही. मजुराचं घर म्हणजे सगळी घरं सारखी नसतात. हातातोंडाशी आलेला मुलगा कमवायला न लावता चार वर्षं लॅटिन शिकायला पाठवणारा मजूर हा आधीच वेगळा निर्णय घेतलेला माणूस आहे. शिवाय ही शाळा एका वस्तीची नव्हती, अख्ख्या शहरातून मुलं यायची. ज्यांना हातकाम शिकायचं ती १९०२ पासून आर्मस्ट्राँग शाळेत जात. ड्यूक एलिंग्टन तिथलाच. म्हणजे प्रवेश परीक्षा नसतानाही निवड होत होती. आकड्यात ‘मजूर’ एवढंच दिसतं, ही निवड दिसत नाही.

या शाळेतून रक्तपेढीचे चार्ल्स ड्रू आले, पहिले कृष्णवर्णीय संघीय न्यायाधीश विल्यम हेस्टी आले, सिनेटर एडवर्ड ब्रुक आले. आणि चार्ल्स ह्यूस्टन आले. शाळांमधला वर्णभेद कोर्टात पाडायचा कसा, याची आखणी या वकिलाची. वॉशिंग्टनच्या पालकांची बाजूही सुरुवातीला त्यांनीच हाती घेतली होती. १९५० मध्ये ते वारले आणि १७ मे १९५४ रोजी, ब्राउन खटल्याच्याच दिवशी, ‘बोलिंग विरुद्ध शार्प’चा निकाल लागला. राजधानीतल्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरल्या.

त्यानंतर डनबर ही आसपासच्या वस्तीची शाळा झाली. जवळपास राहणारी मुलं तिथं, बाकीची आपापल्या भागात. आजूबाजूची वस्ती गरीब होती. शहरभरातून येणारी मुलं थांबली, आणि पीएच.डी. झालेल्या शिक्षकांना आता दुसरी दारंही हळूहळू उघडत होती. काही वर्षांत निकाल घसरले. नाव तेच, इमारतही तीच, पण पटावरची मुलं वेगळी. मला विचाराल तर ‘शाळा बिघडली’ हे वर्णन चुकीचं आहे. आधीची शाळा ज्या भिंतीमुळं तशी झाली होती ती भिंत पडली, आणि नव्या मुलांसाठी तितक्याच तोलाचं काही उभारलंच गेलं नाही.

उलट १९५६ पासून शहरातल्या हायस्कुलांत मुलांना गुणवत्तेनुसार ‘ट्रॅक’ पाडायला सुरुवात झाली. गरीब आणि कृष्णवर्णीय मुलं भराभर खालच्या ट्रॅकमध्ये जमा झाली. ज्युलियस हॉब्सन यांनी दावा लावला, आणि १९६७ मध्ये न्यायाधीश स्केली राइट यांनी ती पद्धत रद्द ठरवली. १९१६ ची इमारत पुढं सत्तरच्या दशकात पाडली गेली, माजी विद्यार्थ्यांचा विरोध असताना. हॉब्सन खटल्यातली साक्ष आणि आकडेवारी मोठी आहे, ती पुढच्या व्याख्यानात घेऊ. आता प्रश्न असतील तर विचारा.