सैनिकांचा खासगीपणाचा अधिकार (भारत)

सैनिकांचा खासगीपणाचा अधिकार हा भारतीय नागरिकांना असलेल्या मूलभूत अधिकाराचाच भाग होय. मात्र लष्करी शिस्तीसाठी त्यावर अधिक मर्यादा घालता येतात. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय एकमताने दिला. तथापि, संविधानाच्या अनुच्छेद ३३ नुसार सशस्त्र दलांतील व्यक्तींचे मूलभूत अधिकार कायद्याद्वारे मर्यादित वा रद्द करण्याचा अधिकार संसदेला आहे. कर्तव्यांचे योग्य पालन व शिस्त राखणे हे त्यामागील हेतू होत.

समाजमाध्यमे

२०२० मध्ये लष्कराने जवान व अधिकाऱ्यांना फेसबुकसह ८९ ॲप वापरण्यास मनाई केली. असे निर्बंध केवळ संसदच घालू शकते, असा युक्तिवाद करून एका लेफ्टनंट कर्नलने याचिका दाखल केली. दिल्ली उच्च न्यायालयाने ती ऑगस्ट २०२० मध्ये फेटाळली.

वैवाहिक जीवन

भारतीय दंड संहितेचे कलम ४९७ सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द केल्यामुळे व्यभिचार हा फौजदारी गुन्हा उरला नाही. परंतु या निर्णयाने सशस्त्र दलांतील शिस्तभंगाच्या कारवाईस बाधा येत नाही, असे घटनापीठाने ३१ जानेवारी २०२३ रोजी स्पष्ट केले. परिणामी, इतर नागरिकांच्या बाबतीत दंडनीय नसलेले वर्तन सैनिकाच्या बाबतीत कारवाईचे कारण ठरू शकते.