सागरी जहाजांसाठी अल्पगंधक इंधन : चाचणी व नियमनाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

जागतिक व्यापारातील ऐंशी टक्क्यांहून अधिक मालाची वाहतूक आजही समुद्रमार्गे होते. ही वाहतूक स्वस्त ठेवण्यात तेलशुद्धीकरण कारखान्यांत मागे उरणाऱ्या जड तेलाचा मोठा वाटा आहे. पेट्रोल, रॉकेल व डिझेल वेगळे काढल्यानंतर तळाशी जो दाट, काळा अंश शिल्लक राहतो, त्यात मूळ खनिज तेलातील गंधकाचा बराचसा भाग एकवटलेला असतो. जमिनीवरील वाहनांच्या इंधनातील गंधक टप्प्याटप्प्याने कमी होत गेले. जहाजांच्या इंधनात मात्र ते दीर्घकाळ तसेच राहिले. प्रस्तुत लेखात या इंधनाच्या विकासाचा व चाचण्यांचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे. इंधनाची चाचणी म्हणजे नेमके काय तपासणे, याविषयीची कल्पनाच सुमारे सत्तर वर्षांत बदलली आणि हा बदल तांत्रिक असण्याबरोबरच सामाजिकही होता, ही या लेखाची मुख्य मांडणी होय.

जड तेलाचा स्वीकार

१९१२ मध्ये ‘सेलांडिया’ हे डॅनिश जहाज डिझेल इंजिनाच्या बळावर महासागरी प्रवासास निघाले. त्या काळातील सागरी डिझेल इंजिने तुलनेने शुद्ध, ऊर्ध्वपातनाने मिळविलेल्या तेलावर चालत. जड तेल बाष्पकाच्या भट्टीत जाळता येई; परंतु इंजिनाच्या सिलिंडरमध्ये ते चालेल, असे मानले जात नव्हते. दुसऱ्या महायुद्धानंतर ही समजूत बदलली. अँग्लो-सॅक्सन पेट्रोलियम कंपनीच्या ‘ऑरिक्युला’ या तेलवाहू जहाजावर जॉन लँब यांनी बाष्पकासाठीचे जड तेल डिझेल इंजिनात जाळण्याचे प्रयोग केले व १९४८ मध्ये त्यांचे निष्कर्ष सागरी अभियंत्यांपुढे मांडले. तेल तापवून पातळ करणे आणि अपकेंद्री यंत्राने त्यातील पाणी व गाळ काढणे, ही या पद्धतीची मुख्य अंगे होती. प्रयोग यशस्वी ठरला आणि पुढील दोन दशकांत जड तेल हेच मोठ्या जहाजांचे नेहमीचे इंधन झाले.

या टप्प्यावर चाचणीचा प्रश्न एकच होता : हे तेल इंजिनास सोसेल काय? गंधक जळून सल्फर डायऑक्साइड तयार होतो. त्याचा काही अंश सल्फर ट्रायऑक्साइडमध्ये रूपांतरित होऊन पाण्याच्या वाफेशी संयोग पावतो आणि गंधकाम्ल बनते. सिलिंडरच्या तुलनेने थंड भिंतीवर हे आम्ल साचले की धातू झिजतो. यावर १९५० च्या दशकात आम्लारीधर्मी वंगण तेलाचा उपाय निघाला. त्यातील कॅल्शियमयुक्त द्रव्ये आम्लाचे उदासिनीकरण करीत. अशा रीतीने इंजिनाचे संरक्षण झाले. गंधकाचा बहुतांश भाग मात्र धुराड्यावाटे हवेत जात राहिला. धुराड्याबाहेर त्याचे काय होते, हा प्रश्न त्या काळच्या चाचणीच्या कक्षेत नव्हता.

आम्लवर्षा आणि नियमनाचा आरंभ

हा प्रश्न समुद्रावर नव्हे, तर स्कँडिनेव्हियातील तळ्यांत उभा राहिला. स्वीडिश शास्त्रज्ञ स्वांते ओडेन यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात पावसातील वाढत्या आम्लतेचा संबंध दूरवरून वाहून येणाऱ्या गंधकाशी जोडला. १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेत हा विषय आंतरराष्ट्रीय पातळीवर आला आणि १९७९ मध्ये जिनिव्हा येथे सीमापार वायुप्रदूषणाविषयीचा करार झाला. त्यानंतर युरोपातील वीजकेंद्रे व कारखाने यांवरील निर्बंध कडक होत गेले. परिणामी जहाजांच्या धुराचा सापेक्ष वाटा ठळकपणे दिसू लागला. १९८८ मध्ये नॉर्वेच्या निवेदनानंतर आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने वायुप्रदूषणाचा विषय आपल्या कार्यक्रमात घेतला. सप्टेंबर १९९७ मध्ये मारपोल कराराचे सहावे परिशिष्ट संमत झाले. परंतु ते अमलात येण्यास १९ मे २००५ ही तारीख उजाडावी लागली.

या परिशिष्टाने जागतिक मर्यादा ४.५ टक्के ठरविली. त्या काळात प्रत्यक्ष वापरातील जड तेलात गंधकाचे सरासरी प्रमाण तीन टक्क्यांहूनही कमी होते. म्हणजेच बहुतांश जहाजांना या मर्यादेमुळे काहीच बदलावे लागले नाही. खरा परिणाम झाला तो विशेष नियंत्रण क्षेत्रांमुळे. २००६ मध्ये बाल्टिक समुद्रात आणि २००७ मध्ये उत्तर समुद्रात १.५ टक्क्याची मर्यादा लागू झाली. २००८ मध्ये सुधारित परिशिष्टाने पुढील वेळापत्रक आखले. नियंत्रण क्षेत्रांसाठी २०१० मध्ये १ टक्का व २०१५ मध्ये ०.१० टक्के, तर उर्वरित जगासाठी २०१२ मध्ये ३.५ टक्के व त्यानंतर ०.५० टक्के अशा पायऱ्या निश्चित झाल्या.

चाचणीचे नवे स्वरूप

नियमनाबरोबर चाचणीचे स्थानही बदलले. ‘आयएसओ ८२१७’ हे सागरी इंधनाचे मानक १९८७ पासून अस्तित्वात होते. परंतु त्याचा मुख्य उपयोग खरेदीदार व पुरवठादार यांच्यातील व्यवहारापुरता होता. सहाव्या परिशिष्टाने इंधनाचा नमुना हा कायद्याचा पुरावा बनविला. इंधन भरताना सतत थेंबाथेंबाने घेतलेला, मोहोरबंद केलेला नमुना किमान बारा महिने जपणे आणि पुरवठ्याची पावती तीन वर्षे ठेवणे बंधनकारक झाले. गंधकाचे प्रमाण प्रयोगशाळेत क्ष-किरणांच्या साहाय्याने मोजले जाते. मोजमापातील अपरिहार्य फरक लक्षात घेऊन, वापरातील ०.५० टक्के मर्यादेच्या इंधनाचा नमुना ०.५३ टक्क्यांपर्यंत ग्राह्य धरण्याची पद्धत रूढ झाली.

पुढे चाचणी प्रयोगशाळेबाहेर पडली. मे २०१० मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत ‘मार्गरेथ मर्स्क’ हे मालवाहू जहाज इंधन बदलत असताना संशोधकांनी विमानातून त्याच्या धुराचे मोजमाप केले. अल्पगंधक इंधन व कमी केलेला वेग यांच्या एकत्रित परिणामाने सल्फर डायऑक्साइडचे उत्सर्जन ९१ टक्क्यांनी, तर सूक्ष्म कणांचे ९० टक्क्यांनी घटल्याचे आढळले. येथे चाचणीचा विषय इंजिन राहिला नव्हता; किनाऱ्यावरील माणूस कोणता श्वास घेतो, हा तिचा विषय झाला होता. जहाजांच्या सूक्ष्म कणांमुळे दरवर्षी सुमारे ६०,००० अकाली मृत्यू होतात व त्यांतील बहुसंख्य युरोप, पूर्व आशिया आणि दक्षिण आशिया यांच्या किनारी भागांत होतात, असा अंदाज २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉर्बेट व सहकाऱ्यांच्या अभ्यासाने मांडला होता. जागतिक मर्यादा २०२० ऐवजी २०२५ मध्ये लागू केल्यास ५,७०,००० हून अधिक जादा अकाली मृत्यू ओढवतील, असा अंदाज २०१६ मध्ये सागरी संघटनेपुढे आला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये २०२० हेच वर्ष कायम करण्यात आले.

गंधक काढल्यावर उद्भवलेले प्रश्न

इंजिनाचा जुना प्रश्न मात्र मिटलेला नव्हता. जड तेल इंजिनात सोडण्यापूर्वी शंभर अंश सेल्सियसच्या वर तापवावे लागते. हलके तेल तसे तापविल्यास अतिशय पातळ होते, पंपांतून झिरपते आणि इंजिन बंद पडण्याचा धोका संभवतो. २००९ मध्ये कॅलिफोर्नियाने किनाऱ्याजवळ हलके तेल वापरण्याची सक्ती केल्यानंतर जहाजांची चालकशक्ती खंडित होण्याच्या घटनांत वाढ नोंदविली गेली. म्हणून इंधनबदल सावकाश, तापमानावर लक्ष ठेवून करण्याची शिस्त घालावी लागली. वंगणाचे गणितही उलटले. निष्प्रभ करण्यास पुरेसे आम्लच नसल्याने वंगणातील जादा कॅल्शियम दट्ट्यावर साचू लागला आणि कमी आम्लारीधर्मी वंगणाची गरज भासली.

१ जानेवारी २०२० पासून ०.५० टक्के मर्यादेसाठी विविध अंशांच्या मिश्रणातून नवी इंधने बाजारात आली. त्यांचे गुणधर्म बंदरागणिक वेगळे असतात. जड अंशातील ॲस्फाल्टीन हे द्रव्य एका मिश्रणात विरघळलेले राहते. दुसऱ्या प्रकारच्या तेलाशी गाठ पडताच त्याचा गाळ होऊन गाळण्या तुंबतात. काही मिश्रणांत मेण गोठते. त्यामुळे स्थैर्य व परस्परसुसंगती यांच्या चाचण्यांना गंधकाच्या चाचणीइतकेच महत्त्व आले. अशा इंधनांबाबत मार्गदर्शन करणारा स्वतंत्र मानक-दस्तऐवज ‘आयएसओ’ने २०१९ मध्ये प्रसिद्ध केला.

दुसरा पर्याय धूर धुणाऱ्या यंत्राचा होता. त्याच्या साहाय्याने स्वस्त जड तेल वापरत राहणे शक्य झाले. तथापि खुल्या पद्धतीच्या यंत्रातील आम्लयुक्त पाणी समुद्रातच सोडले जाते. सिंगापूर व फुजैरा यांसारख्या प्रमुख इंधन-बंदरांनी २०२० पासून आपल्या हद्दीत असे पाणी सोडण्यास मनाई केली. हवेतील प्रदूषण पाण्यात हलविणे म्हणजे त्याचे निवारण नव्हे, याची ही कबुली होती.

२०२० च्या मर्यादेमुळे जहाजांचे गंधकाच्या ऑक्साइडचे उत्सर्जन ७७ टक्क्यांनी, म्हणजे वर्षाला सुमारे ८५ लाख टनांनी घटेल, असा आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा अंदाज होता. मात्र गंधकाचे सूक्ष्म कण समुद्रावरील ढग अधिक शुभ्र करून सूर्यप्रकाश परावर्तित करीत असत. जहाजांच्या मार्गावर उमटणाऱ्या ढगांच्या रेषा २०२० मध्ये लक्षणीय घटल्याचे उपग्रह-निरीक्षणांतून दिसून आले. त्यामुळे झाकलेली तापमानवाढ काही अंशी उघडी पडली. तिचे नेमके प्रमाण किती, याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. तरीही किनाऱ्यावरील लोकांच्या फुप्फुसांच्या मोलाने ही सावली टिकवावी, असा निष्कर्ष यातून काढता येत नाही. हरितगृह वायूंचे उत्सर्जन कमी करण्याची निकड तेवढी यातून अधोरेखित होते.

निष्कर्ष

अल्पगंधक इंधनाच्या इतिहासात रसायनशास्त्राचा अडथळा तुलनेने लहान होता. गंधकाम्लाची प्रक्रिया १९५० च्या दशकातच अभियंत्यांना पुरती अवगत होती आणि तिच्यापासून इंजिनाचे रक्षण कसे करावे, हेही ठाऊक होते. माणसांच्या रक्षणाचा प्रश्न त्याच गांभीर्याने विचारला जाण्यास आणखी अर्धे शतक लागले. कारण झीज झालेल्या सिलिंडरचा खर्च जहाजमालकाच्या हिशेबात दिसत होता, तर धुराचा खर्च कोणाच्याच वहीत नव्हता. चाचणीत काय मोजायचे, हे ठरविताना कोणाचे नुकसान मोजायचे हेही ठरत असते. अमोनिया, मिथेनॉल यांसारख्या पर्यायी सागरी इंधनांच्या चाचण्या सुरू असताना हा अनुभव उपयुक्त ठरणारा आहे. त्या चाचण्यांमध्ये इंजिन, खलाशी, किनारा आणि वातावरण या चारही घटकांचा विचार आरंभापासून होणे आवश्यक आहे.