चिकटपट्टी

चिकटपट्टी (टेप) म्हणजे कागद, प्लास्टिक, कापड किंवा धातूच्या पातळ पत्र्याच्या एका अथवा दोन्ही बाजूंना चिकट द्रव्याचा थर देऊन तयार केलेली पट्टी होय. वस्तू जोडणे, खोकी बंद करणे, विद्युतरोधन करणे, रंगकामात भाग झाकणे इत्यादी कामांसाठी ती घरांत, दुकानांत व कारखान्यांत वापरली जाते. बोलीभाषेत पारदर्शक पट्टीस सेलोटेप, खोकी बंद करण्याच्या तपकिरी पट्टीस ब्राउन टेप आणि वीजकामाच्या पट्टीस इन्सुलेशन टेप म्हणतात. दिसण्यात साम्य असले तरी या पट्ट्या एकमेकींच्या जागी चालत नाहीत. वीज, गॅस आणि जुने कागद यांच्या बाबतीत चुकीची निवड धोकादायक किंवा कायमची हानी करणारी ठरते.

रचना

चिकटपट्टीचे मुख्य घटक दोन : आधारपट्टी आणि चिकट थर. हा थर दाबाने चिकटतो. त्यासाठी पाणी किंवा उष्णता लागत नाही. बोटाने घासून दाब दिल्यावर तो पृष्ठभागावरील सूक्ष्म खाचांत पसरतो. मध्ये धूळ, तेल किंवा ओल असल्यास तो पृष्ठभागापर्यंत पोहोचत नाही व पट्टी सुटते. रिळावरून पट्टी सहज उलगडावी म्हणून अनेक प्रकारांत आधारपट्टीच्या पाठीवर न चिकटणारा लेप दिलेला असतो.

चिकट द्रव्य सामान्यतः रबरावर किंवा ॲक्रिलिकवर आधारित असते. रबरावर आधारित द्रव्य चटकन पकड घेते. परंतु ऊन व उष्णतेने ते लवकर जीर्ण होते. ॲक्रिलिकची पकड सावकाश वाढते, मात्र ते ऊन व काळ यांना अधिक काळ तोंड देते.

इतिहास

मोटारींना दोन रंग देताना रंगांची सीमारेषा स्वच्छ राहावी, या गरजेतून अमेरिकेतील थ्रीएम कंपनीतील रिचर्ड ड्रू यांनी १९२५ मध्ये मास्किंग टेप तयार केली. १९३० मध्ये त्यांनीच सेलोफेनची पारदर्शक पट्टी बाजारात आणली. ब्रिटनमध्ये १९३७ मध्ये सेलोटेप हे व्यापारनाम आले. मराठी बोलीत हा शब्द कोणत्याही पारदर्शक पट्टीसाठी रूढ आहे. कापडी आधाराची डक्ट टेप दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्करी उपयोगासाठी तयार झाली.

प्रमुख प्रकार

पॅकिंग टेप : पॉलिप्रोपिलीनची पारदर्शक किंवा तपकिरी पट्टी. पुठ्ठ्याची खोकी बंद करण्यासाठी ती योग्य असते. उष्ण किंवा ओल्या जागी ती टिकाऊ नसते.

मास्किंग टेप : चुणीदार कागदाची, हाताने फाटणारी पट्टी. रंगकामात चौकटी व काचा झाकण्यासाठी वापरतात. काम संपताच ती काढावी लागते; उन्हात राहिल्यास तिचा चिकट थर पृष्ठभागावर उरतो.

इन्सुलेशन टेप : ताणली जाणारी पीव्हीसीची पट्टी, केवळ विद्युतरोधनासाठी.

दुहेरी टेप : दोन्ही बाजूंना चिकट. फोमच्या आधाराची दुहेरी टेप किंचित खडबडीत पृष्ठभागावरही पकड घेते. परंतु पोपडे सुटणाऱ्या भिंतीवर ती रंगासकट निघते.

डक्ट टेप : कापडाने बळकट केलेली पट्टी. तात्पुरत्या दुरुस्तीसाठी उपयुक्त. वातानुकूलन यंत्राच्या नळमार्गावरील सांध्यांसाठी ॲल्युमिनियमची पट्टी अधिक योग्य मानली जाते.

टेफ्लॉन टेप : नळजोडणीत आट्यांवर गुंडाळली जाणारी पांढरी पट्टी. हिला चिकट थर नसतो. ती आट्यांमधील फटी भरते. नळकाम करणारे कारागीर पूर्वी याच कामासाठी सूत व सफेदा वापरत. जोड ज्या दिशेने आवळायचा, त्याच दिशेने ती गुंडाळावी लागते. अन्यथा आवळताना ती उलगडते.

ब्युटाइल टेप : जाड, लवचीक थराची जलरोधक पट्टी. पत्र्यांचे सांधे व छताच्या बारीक भेगांसाठी वापरतात.

ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरातील वापर

कोकण किनारपट्टीचे दमट हवामान आणि जून ते सप्टेंबर या काळातील मुसळधार पाऊस यांमुळे ठाणे, कल्याण व डोंबिवली या शहरांत चिकटपट्टी निवडताना ओलीचा विचार प्रथम करावा लागतो. पावसाळ्यात भिंतींना ओल धरते आणि कोरड्या ऋतूत घट्ट बसलेली दुहेरी टेप सुटू लागते. गच्चीवरील शेडचे गळके पत्रे ब्युटाइल टेपने सांधण्याचे काम मे महिन्यात, पत्रे कोरडे असताना केल्यास टिकते. गळती सुरू झाल्यावर ओल्या पत्र्यावर लावलेली पट्टी पकड घेत नाही.

या पट्ट्यात औद्योगिक वापरही मोठा आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजी झाली. ठाण्यातील वागळे इस्टेट ही त्याच्या जुन्या औद्योगिक वसाहतींपैकी एक आहे. डोंबिवलीच्या औद्योगिक क्षेत्रात रासायनिक, वस्त्रोद्योग व अभियांत्रिकी कारखाने आहेत, तर लगतच्या भिवंडी तालुक्यात मालाची मोठी गोदामे आहेत. गोदामांत खोक्यांसाठी पॅकिंग टेप, कारखान्यांत जमिनीवर मार्ग आखण्यासाठी रंगीत पट्टी आणि यंत्रदुरुस्तीत इन्सुलेशन टेप वापरली जाते.

वीज व गॅस

घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्टचा असतो. उघड्या तारेवर सेलोटेप, ब्राउन टेप किंवा डक्ट टेप गुंडाळणे धोकादायक आहे. या पट्ट्या विद्युतरोधनासाठी बनवलेल्या नसतात, तापल्यावर सरकतात आणि पेट घेऊ शकतात. इन्सुलेशन टेप किंचित ताणून, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा येईल अशा रीतीने किमान दोन थरांत गुंडाळतात. तत्पूर्वी मुख्य स्विच बंद करणे आवश्यक असते. पट्टी सैल जोड घट्ट करत नाही. सैल जोड तापत राहतो, म्हणून तारा कनेक्टरने जोडून बंद पेटीत ठेवणे हाच योग्य उपाय होय. इन्सुलेशन टेपने झाकलेला जोड जलरोधक नसतो. भाद्रपदातील गणेशोत्सव पावसाळ्यात येत असल्याने उघड्या मंडपातील दिव्यांच्या माळांबाबत ही बाब विशेष महत्त्वाची ठरते. मीटरपूर्वीच्या तारांना हात न लावता महावितरणला कळवावे लागते.

स्वयंपाकाच्या गॅसची नळी किंवा रेग्युलेटर यांतील गळती कोणत्याही चिकटपट्टीने थांबवू नये. गॅसचा वास आल्यास झडप बंद करून, खिडक्या उघडून, विजेची बटणे न हाताळता गॅस वितरकाला बोलवावे. नळाद्वारे पुरवठा असलेल्या घरांत महानगर गॅस कंपनीस कळवावे.

जुनी पुस्तके व कागदपत्रे

फाटलेले पान सेलोटेपने जोडणे ही सार्वत्रिक सवय असली तरी ती हानिकारक आहे. काही वर्षांत चिकट द्रव्य पिवळे पडते व कागदाच्या तंतूंत मुरते. वरची पट्टी गळून पडते, पण डाग राहतो आणि तेथील कागद ठिसूळ होतो. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ मध्ये व ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये स्थापन झाले. अशा जुन्या संस्थांतील दुर्मीळ ग्रंथ आणि घरोघरी जपलेले जमिनीचे दस्तऐवज, जन्मपत्रिका व प्रमाणपत्रे यांना हा धोका सारखाच असतो. संवर्धनतज्ज्ञ त्याऐवजी लांब तंतूंचा पातळ जपानी कागद व गव्हाच्या पिष्ठाची खळ वापरतात, कारण ही खळ पुढे पाण्याने सोडवता येते.

निवडीचे निकष

चिकटपट्टी निवडताना पृष्ठभाग कोणता आहे, पट्टी किती काळ टिकावी, तिच्यावर किती भार येणार आहे, तेथे ऊन, ओल किंवा उष्णता आहे काय आणि ती पुढे काढावी लागणार आहे काय, हे निकष पाहिले जातात. लावण्यापूर्वी पृष्ठभाग पुसून पूर्ण कोरडा करणे सर्व चिकट प्रकारांना लागू आहे. रिळे उन्हापासून दूर, कोरड्या जागी ठेवल्यास चिकटपणा अधिक काळ टिकतो.