बीडची रेल्वे: मंजुरी 1995 ची, गाडी 2025 ची

आजचा भाग दिल्लीकडून पैसा मागण्याच्या इतिहासावर आहे. आणि त्यासाठी बीडच्या रेल्वेइतकं चांगलं उदाहरण मला तरी दुसरं सापडलं नाही.

आधी एक गैरसमज काढून टाकू. 'बीडला रेल्वे कुणी दिलीच नाही' असं आपण म्हणतो ना, ते खरं नाही. नगर-बीड-परळी हा 261 किलोमीटरचा मार्ग 1995-96 मध्येच मंजूर झाला. तेव्हा खर्चाचा अंदाज होता साधारण 353 कोटी. म्हणजे दिल्लीने 'नाही' म्हटलंच नव्हतं. 'हो' म्हटलं आणि पैसे दिले नाहीत.

हे कसं होतं ते समजून घ्या, कारण कुठल्याही जिल्ह्याच्या मागणीला हेच लागू पडतं. प्रकल्प मंजूर होणं ही एक गोष्ट आणि दरवर्षीच्या अर्थसंकल्पात त्याच्या नावापुढे किती आकडा पडतो ही वेगळी. रेल्वेचं एक 'पिंक बुक' असतं, त्यात मार्गागणिक त्या वर्षीची रक्कम छापलेली असते. रक्कम किरकोळ असली की मार्ग यादीत जिवंत राहतो आणि जमिनीवर काहीच हलत नाही. वर रेल्वेचा जुना हिशेब असा, की नव्या मार्गातून गुंतवणुकीवर साधारण 14 टक्के परतावा सुटला पाहिजे. कोरडवाहू जिल्ह्यात एवढा माल आणायचा कुठून? जिथून लाखो माणसं ऊसतोडीला बाहेर जातात, तिथे रेल्वेची गरज जास्त आणि परतावा कमी. या हिशेबात बीड कायम शेवटच्या बाकावर.

मग मागायचं कुणी? बीडने दिल्लीला सगळ्या रंगांचे खासदार पाठवून पाहिले. 1967 ला कम्युनिस्ट पक्षाचे क्रांतिसिंह नाना पाटील, पुढे काँग्रेसच्या केशरकाकू क्षीरसागर, 1989 ला जनता दलाचे बबनराव ढाकणे, मग भाजप, राष्ट्रवादी. केशरकाकू तीन वेळा लोकसभेत गेल्या. रेल्वेचा विषय त्यांनी लावून धरला आणि मंजुरी आली ती त्यांच्या शेवटच्या कारकिर्दीत. बीडमध्ये निवेदनं, मोर्चे, रेल रोको नव्हे (रूळ कुठे होते रोको करायला!) तर रस्ता रोको, हे सगळं झालं.

आता कोकणाकडे बघा. 1990 मध्ये मधु दंडवते अर्थमंत्री, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. दोघांनी मिळून कोकण रेल्वेसाठी वेगळं महामंडळच काढलं. केंद्राचा वाटा 51 टक्के, बाकी महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा, केरळ. बाजारातून रोख्यांनी पैसा उभा केला. डोंगर पोखरून 741 किलोमीटरचा मार्ग 1998 ला पूर्ण. बीडकडे सह्याद्रीसारखे कडे नव्हते. बीडकडे अर्थमंत्री नव्हता.

गोपीनाथ मुंडे 2009 ला खासदार झाले आणि हा विषय त्यांनी पुन्हा तापवला. 26 मे 2014 ला ते केंद्रात ग्रामविकास मंत्री झाले. आठच दिवसांनी, 3 जूनला, बीडकडे यायला निघाले असताना दिल्लीतच अपघातात गेले. त्यांच्यानंतर प्रीतम मुंडे खासदार झाल्या.

माझ्या मते भाषणांपेक्षा जास्त काम एका रुक्ष निर्णयाने केलं: राज्याने निम्मा खर्च उचलायचं कबूल केलं. श्रेयाच्या बॅनरवर हा निर्णय कधी दिसत नाही. पण तोवर खर्चही फुगला होता. 353 कोटींचे आधी 2,800 कोटींच्या वर गेले, मग 4,805 कोटी. साडेतेरा पट! उशिराची किंमत निम्मी आपल्याच राज्याच्या तिजोरीतून गेली, हे मला अजून पचत नाही. रेल्वे केंद्राची आणि पाकीट आपलं.

उशिराची किंमत फक्त रुपयांत नसते. एप्रिल 2016 आठवतोय? लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, 'जलदूत'. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. त्याच दुष्काळात बीडही होरपळत होतं. बीड शहराने अशी गाडी मागायची म्हटली असती तरी ती येणार कशावरून? जिल्ह्यात रेल्वे होती ती परळीला, निजामाच्या काळातली.

2017 ला नगर ते नारायणडोह असा पहिला बारा किलोमीटरचा तुकडा तयार झाला. सप्टेंबर 2022 मध्ये आष्टीपर्यंत 66 किलोमीटर गाडी सुरू झाली. आणि 17 सप्टेंबर 2025 ला, मराठवाडा मुक्तिदिनी, पहिली प्रवासी गाडी बीडहून निघाली. लोक फुलं घेऊन स्टेशनवर आले होते. ती पहिल्या वेळापत्रकात पाच तासांहून जास्त घेत होती, एसटी त्याआधी पोचते, यावर मीम्सही झाली. होऊ द्या.

पण मंजुरी परळीपर्यंतची होती. त्या दिवशी गाडी जिथून निघाली, तिथून वडवणीवरून परळी अजून नव्वदेक किलोमीटर होती. तेव्हा पुढचा अर्थसंकल्प आला की मोबाईलवर पिंक बुकची पीडीएफ उघडा आणि या मार्गापुढचा आकडा स्वतः वाचा.