बुलेटला धाप का लागते?

दर वर्षी मे-जून आला की आमच्या नगरची पोरं मोटारसायकली घेऊन लडाखला निघतात. (नगर म्हणजे अहमदनगर. २०२४ साली जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, पण बोलताना आमच्या तोंडी अजून 'नगर'च येतं.) परत आली की फोटो दाखवतात आणि एक वाक्य हमखास बोलतात, "खारदुंगला गाडी ओढतच नव्हती हो!" मग कोणी पेट्रोलला नावं ठेवतं, कोणी प्लगला, कोणी निघण्याआधी सर्व्हिसिंग केलेल्या मिस्त्रीला.

मी शाळेत इतिहास-भूगोल शिकवला. इंजिनाशी माझा संबंध एसटीच्या तिकिटापुरता. पण ही तक्रार ऐकली की मला दर वेळी वाटतं, अरे, यात मिस्त्रीचा बिचाऱ्याचा काय दोष? ही गोष्ट माणसाला पावणेचारशे वर्षांपासून ठाऊक आहे, आणि तिच्यात आपल्या नगरचाही एक धागा आहे. यंदा घरातलेच दोघे निघायच्या तयारीत आहेत, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहून काढावं.

सुरुवात होते पाऱ्याच्या नळीपासून. इटलीत टॉरिचेलीने दाखवलं होतं की एका टोकाला बंद असलेली नळी पाऱ्याने भरून पाऱ्याच्याच भांड्यात उलटी उभी केली, तर आतला पारा साधारण ७६ सेंटीमीटरवर थांबतो. फ्रान्समधल्या ब्लेझ पास्कलला वाटलं, हा पारा जर बाहेरच्या हवेच्या वजनाने तोलला गेला असेल, तर डोंगरावर तो खाली यायला हवा, कारण तिथे डोक्यावरची हवाच कमी. त्याने हे काम आपल्या मेहुण्याला, फ्लोरँ पेरिएला सांगितलं. १९ सप्टेंबर १६४८ रोजी पेरिए नळी घेऊन प्युई द डोम नावाच्या डोंगरावर चढला. दुसरी तशीच नळी त्याने खाली ठेवली आणि तिच्यावर दिवसभर नजर ठेवायला एक माणूस बसवला. वर पारा आठ-साडेआठ सेंटीमीटर उतरला. खालचा जागचा हलला नाही. प्रयोग कसा करावा याचा हा वस्तुपाठच म्हणायचा.

तो डोंगर १,४६५ मीटर उंच आहे. आपल्या अकोले तालुक्यातलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे त्याच्याहून उंच. हाच हिशेब पुढे नेला तर समुद्रकाठी पारा ७६० मिलिमीटर, साडेसहाशे मीटरवरच्या नगरला सुमारे ७००, आणि खारदुंगला खिंडीत ३८५ च्या आसपास. (खिंडीतल्या जुन्या पाटीवर उंची १८,३८० फूट लिहिलेली असे. नव्या मोजणीत ती सुमारे १७,५८२ फूट, म्हणजे ५,३५९ मीटर भरते.) थोडक्यात, दाब निम्मा. पुष्कळांना वाटतं की उंचावरच्या हवेत ऑक्सिजनचं प्रमाण कमी असतं. तसं नाही. शंभरात एकवीस भाग ऑक्सिजन इथेही आणि तिथेही. एकूण हवाच विरळ, म्हणून प्रत्येक श्वासात ऑक्सिजन कमी.

आता इंजिनाकडे वळू. बुलेट '३५० सीसी' म्हणजे काय? तर एका खेपेला साधारण तेवढे घन सेंटीमीटर हवा आत ओढणारं माप. दूधवाल्याचं माप डोळ्यांपुढे आणा. माप तेच, पण दूध पातळ झालेलं. एक ग्रॅम पेट्रोल पुरतं जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. हवेचं वजनच घटलं की तितकं पेट्रोल जळतच नाही आणि ताकद घटते. दर हजार फुटांना उरलेल्या ताकदीतली सुमारे ३ टक्के गेली असं धरावं. खारदुंगलाची हवा थंड असल्याने थोडी दाट असते, म्हणून वजनाने ती निम्म्याहून जरा जास्त भरते. तरी खाली वीस अश्वशक्तीची असलेली गाडी तिथे जेमतेम बारा अश्वशक्तीची उरते. वर मागे सामानाचे गाठोडे आणि कधीकधी एक मित्र!

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांना आणखी एक दुखणं होतं. कार्ब्युरेटरमध्ये जेट नावाचं बारीक भोक असतं. हवेच्या ओढीने त्यातून पेट्रोल वर येतं. उंचावर ही ओढ कमी होते खरी, पण हवा जितकी घटली तितकं पेट्रोल घटत नाही. त्यामुळे मिश्रणात पेट्रोल जास्त होतं. प्लग काळा पडतो, धूर येतो, सकाळी गाडी सुरू होत नाही, ॲव्हरेज घसरतं. जाणकार मिस्त्री वर जाताना बारीक भोकाचा जेट बसवत आणि खाली आल्यावर न चुकता पहिला जेट परत लावत, नाहीतर सपाटीवर पेट्रोल कमी पडून इंजिन तापायचं. काही पोरं एअर फिल्टरच काढून टाकत. त्याने हवा काही दाट होत नाही, धूळ मात्र थेट सिलिंडरमध्ये जाते.

या दुखण्यावरचं खरं औषध पहिल्या महायुद्धाच्या काळात विमानांसाठी शोधलं गेलं. १९१८ साली सॅनफर्ड मॉस या अमेरिकन इंजिनिअरने 'लिबर्टी' जातीचं विमानाचं इंजिन ट्रकवर चढवून कोलोरॅडोमधल्या पाइक्स पीक या १४,१०० फुटी शिखरावर नेलं. खाली ते इंजिन ३५० अश्वशक्ती देत होतं, वर २३०. मग त्याने धुराच्या झोताने फिरणारा पंखा जोडून हवा दाबून आत भरली. आकडा गेला ३५६ वर. यालाच आपण टर्बो म्हणतो. लडाखी घरात डाळ शिजायला प्रेशर कुकर लागतो, कारण तिथे पाणी कमी तापमानालाच उकळतं. तिथेही कमी पडलेला दाब आपण वरून पुरवतो. टर्बोचं काम तसंच.

आता नगरचा धागा. आपल्याकडे आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल आहे, म्हणजे रणगाडा दलाचं माहेरघर, आणि १९९४ पासून रणगाड्यांचं संग्रहालयही आहे. शाळेच्या सहली तिथे जातात आणि पोरं तोफांवर चढायला बघतात. याच दलातल्या ७ लाइट कॅव्हलरीने १ नोव्हेंबर १९४८ रोजी झोजी ला खिंडीत स्टुअर्ट रणगाडे नेले. खिंड साडेअकरा हजार फुटांवर, हवेचा दाब समुद्रकाठच्या दोन-तृतीयांशाहूनही जरा कमी, आणि बर्फ पडलेलं. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून बुरूज उतरवून रणगाडे श्रीनगरमार्गे आणले होते. मद्रास सॅपर्सनी वाट रुंद केली होती. कर्नल राजिंदर सिंग 'स्पॅरो' रेजिमेंटचे प्रमुख होते आणि जनरल थिमय्या स्वतः पुढच्या रणगाड्यात बसले होते. इतक्या उंचीवर तोवर जगात कुठेही रणगाडे लढले नव्हते. खिंड उघडली आणि त्याच महिन्यात द्रास आणि कारगिलपर्यंत सैन्य पोहोचलं. धापा टाकणारी इंजिनंसुद्धा, तिथे कोणी त्यांची अपेक्षाच करत नसलं, तर इतिहास बदलतात.

नगरमध्ये दुसरीही एक संस्था आहे, व्हीआरडीई. नवीन गाडीचा नमुना विक्रीला येण्याआधी तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या सरकारमान्य संस्थांपैकी ती एक. इंजिनाची ताकद मोजतात तेव्हा त्या दिवशीचा हवेचा दाब आणि तापमान लक्षात घेऊन आकडा ठरावीक प्रमाण हवेला लावून घेतात. म्हणजे माहितीपत्रकात छापलेली अश्वशक्ती ही खालच्या हवेतली अश्वशक्ती. ती खिंडीत मिळेल असं कंपनीने कधी म्हटलेलंच नसतं. आपणच ते गृहीत धरतो.

बुलेट १९५५ पासून मद्रासला बनू लागली आणि लष्कराबरोबर डोंगरात फिरली. २०२० साली बीएस-६ नियम आले आणि नव्या मोटारसायकलींमधून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. आताचं फ्युएल इंजेक्शन हवेचा अंदाज घेऊन पेट्रोल तेवढंच सोडतं. धूर नाही, काळा प्लग नाही. पण हवा ते तरी कुठून आणणार? गेलेली ताकद गेलेलीच राहते. (विजेच्या मोटरला हवा लागत नाही, तिला ही अडचण नाही. तिची अडचण चार्जिंगची आणि थंडीत मंदावणाऱ्या बॅटरीची.)

एवढं सगळं लिहायचं कारण आता सांगतो. गाडी ओढेनाशी झाली की पोरं थांबतात, तिला थंड करतात, मिस्त्री शोधतात. स्वतःचं डोकं दुखू लागलं तर मात्र गोळी घेऊन पुढे निघतात. खरं तर हे उलट हवं. इंजिनाला आठ दिवस विश्रांती दिली तरी त्याची ताकद तसूभर वाढत नाही, आणि खाली उतरलं की ती आपोआप परत येते. त्याचं नुकसान काहीच झालेलं नसतं. माणसाचं वेगळं. विरळ हवेने माणूस आजारी का पडतो हे पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७८ साली सिद्ध केलं. आपल्याकडे १९६२ च्या चीन युद्धाच्या काळात सपाटीवरचे जवान मोठ्या संख्येने हिमालयात गेले आणि आजारी पडू लागले. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकारी डॉक्टरांनी अशा १,९२५ जवानांचा अभ्यास १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. जगभरचे डॉक्टर अजून त्याचा दाखला देतात. घाईने उंचावर गेलेल्या धडधाकट तरुणाच्याही फुफ्फुसात पाणी भरू शकतं आणि जीव जाऊ शकतो. पण त्याच शरीराला दोन-चार दिवस दिले, तर श्वास वाढतो, मग हळूहळू रक्तही बदलतं, आणि माणूस त्या हवेत रुळतो. हे देणं इंजिनाला नाही, आपल्याला आहे. फक्त वेळ द्यावा लागतो.

तेव्हा आमच्या दोघा वीरांना एवढंच सांगणं. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. तिथे पोहोचल्यावर पहिले दोन दिवस गाडीला किल्ली लावू नका. गाडीची काळजी नको, ती कमी ताकदीत, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये का होईना, वर जाईल. डोकं दुखलं, मळमळलं तर आणखी वर चढायचं नाही. धाप बसूनही थांबत नसेल, तर रात्र आहे की दिवस हे न बघता खाली उतरायचं. फोटो राहिला तर राहू दे. खिंड पुढच्या वर्षीही तिथेच असेल, आणि आम्ही म्हातारी माणसंही इथे वाट बघत असू.

तुमच्यापैकी कोणी कार्ब्युरेटरच्या जमान्यात बुलेट किंवा येझदी घेऊन लडाखला गेलं असेल, तर जेट बदलण्याचे अनुभव जरूर लिहा. मला ऐकायला आवडेल.