ऑटोमॅटिक गाडी झटके देतेय? गिअरबॉक्स उतरवण्याआधी हे तपासा

मुंबईहून नाशिकला येताय. कसारा घाट लागलाय, पुढे ट्रकची रांग आहे. तुम्ही ॲक्सिलरेटर दाबता, इंजिन नुसतं ओरडतं, पण गाडी काही उचल घेत नाही. मग एकदम झटका बसतो आणि गिअर पडतो. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये उत्तर मिळतं, "गिअरबॉक्स गेलाय, उतरवावा लागेल."

इथे घाई करू नका. गिअरबॉक्स उघडण्याचा किंवा बदलण्याचा खर्च काही गाड्यांमध्ये लाखाच्या घरात जातो. आणि गिअर विचित्र पडण्याचं कारण अनेकदा गिअरबॉक्सच्या बाहेर असतं: कमजोर बॅटरी, कमी झालेलं तेल, खराब सेन्सर. म्हणून आधी स्वस्त गोष्टी तपासायच्या, मग महाग.

आधी ओळखा: तुमची ऑटोमॅटिक कोणती?

सगळ्या ऑटोमॅटिक गाड्या सारख्या नसतात. एकीत जे नॉर्मल, ते दुसरीत बिघाड असू शकतं.

एएमटी: २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओमुळे ही आपल्याकडे घरोघरी पोहोचली. आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि क्लच प्लेटच असते. फक्त क्लच दाबणं आणि गिअर टाकणं हे काम संगणकाच्या हुकमावर यंत्रणा करते. गिअर बदलताना मान किंचित पुढे जाणं हा हिचा स्वभाव आहे. पण झटके अचानक वाढले तर क्लच प्लेट झिजल्याची शंका घ्या.

टॉर्क कन्व्हर्टर: यात इंजिनाची ताकद तेलाच्या माध्यमातून गिअरबॉक्सकडे जाते. नाशिकच्या महिंद्रा कारखान्यात बनणाऱ्या थारच्या ऑटोमॅटिक मॉडेलमध्ये हाच प्रकार आहे. तेल कमी किंवा खराब झालं की गिअर उशिरा पडतो, घसरतो किंवा दणका देतो.

सीव्हीटी: दोन पुली आणि एक धातूचा पट्टा. ठरावीक गिअर नसतातच. जोरात ॲक्सिलरेटर दिल्यावर आधी आवाज वाढणं आणि मग वेग येणं, हे नॉर्मल. हळू वेगात गाडी थरथरत असेल तर ते नॉर्मल नाही.

ड्युअल क्लच (डीसीटी, डीएसजी): एक क्लच १, ३, ५ या गिअरसाठी, दुसरा २, ४, ६ साठी. द्वारका चौकातल्यासारख्या मुंगीच्या चालीच्या ट्रॅफिकमध्ये कोरडे क्लच तापतात आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये झटके बसतात.

झटका नेमका कधी बसतो?

मेकॅनिककडे जाण्याआधी हे मोबाईलमध्ये लिहून ठेवा. जमलं तर शेजारी बसलेल्याला मीटरचा व्हिडिओ काढायला सांगा.

- सकाळी थंड गाडीत 'डी' टाकल्यावर गाडी उशिरा हलते: तेलाची पातळी किंवा दाब कमी असू शकतो.
- फक्त तापल्यावर त्रास होतो: जुनं झालेलं तेल, तापलेला क्लच किंवा गरम झाल्यावर दगा देणारा सोलेनॉइड.
- उभ्या गाडीत 'डी' किंवा 'आर' टाकताना 'धप्प' आवाज येतो: इंजिन माउंटिंगचं रबर बसलेलं असू शकतं.
- चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो आणि गाडी अडखळते: हे बहुतेक वेळा इंजिनाचं मिसफायर असतं. आधी प्लग आणि कॉइल बघा.
- गाडी एकाच गिअरमध्ये अडकते, वेग वाढत नाही: हा 'लिम्प मोड'. मोठं नुकसान टाळण्यासाठी संगणकाने स्वतःच घातलेला लगाम.

तपासणीचा क्रम: स्वस्त ते महाग

१. बॅटरी. गिअर बदलणारे भाग विजेवर चालतात. काही तास बंद असलेल्या गाडीची चांगली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. टर्मिनलवर पांढरी बुरशी असेल तर साफ करून घ्या.

२. स्कॅनिंग. स्टेअरिंगखालच्या पोर्टला स्कॅनर लावला की एरर कोड दिसतात. पण कोड म्हणजे निकाल नव्हे. 'पी ०७००' एवढंच सांगतो की ट्रान्समिशनच्या संगणकाने दोष नोंदवला आहे. नेमका दोष दुसऱ्या कोडमध्ये असतो. कोड पुसण्याआधी स्क्रीनचा फोटो घ्या.

३. तेल. टॉर्क कन्व्हर्टरचं नवं तेल बहुधा लाल आणि पारदर्शक असतं. काळं पडून जळका वास आला तर ते खराब झालंय. गुलाबी आणि दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय. गोदाघाटावर पार्क केलेली गाडी पुराच्या पाण्यात उभी राहिली असेल, तर हे तपासल्याशिवाय सुरूच करू नका. बऱ्याच नव्या गाड्यांत तेल मोजायची पट्टी नसते, ठरावीक तापमानाला गॅरेजमध्येच पातळी बघतात. तेल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या प्रकाराचंच हवं. सीव्हीटीमध्ये दुसरं तेल घातलं तर पट्टा आणि पुली खराब होऊ शकतात.

४. रीलर्निंग आणि सॉफ्टवेअर. एएमटीची क्लच प्लेट बदलल्यावर संगणकाला नवा क्लच 'शिकवावा' लागतो. ते राहिलं तर नव्या प्लेटवरही झटके बसतात.

५. आतले भाग. सोलेनॉइड, व्हॉल्व्ह बॉडी, क्लच पॅक यांची पाळी याच्यानंतर.

घाटात हे विसरू नका

- चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरू नका, ब्रेक दाबा. एएमटी आणि डीसीटीचा क्लच असाच जळतो.
- उतारावर 'न्यूट्रल' टाकू नका. इंजिनाचा ब्रेक जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. मॅन्युअल मोड किंवा 'एल' वापरून खालच्या गिअरमध्ये उतरा.
- जळका वास, गिअरबॉक्स तापल्याची सूचना किंवा खाली तेलाचे थेंब दिसले तर सुरक्षित जागी थांबा.
- गाडी बंद पडली तर दोरीने ओढू नका. चालती चाकं रस्त्यावर फिरली तर आतल्या भागांना तेल मिळत नाही. फ्लॅटबेड मागवा.

एवढं करूनही कुणी "गिअरबॉक्स उतरवू" म्हणालं, तर तीन प्रश्न विचारा: कोणता कोड आला? तेल कसं निघालं? रीलर्निंग करून पाहिलं का? तिन्हींची सरळ उत्तरं मिळाली तरच होकार द्या. नाही मिळाली, तर दुसऱ्या गॅरेजमध्ये एकदा दाखवा. तपासणीचे थोडे पैसे जातील, पण मोठा खर्च टळू शकेल.