थिन क्लायंट टर्मिनल : उभारणी आणि वापर

रेल्वेच्या आरक्षण खिडकीपलीकडे ज्यांनी कधी डोकावून पाहिले असेल, त्यांना काळ्या पडद्यावर उमटणाऱ्या अक्षरांच्या ओळी आठवत असतील. कर्मचारी कळ दाबतो, ती दूरवरच्या मध्यवर्ती संगणकापर्यंत पोहोचते, जागा शिल्लक आहे की नाही ते तिथे ठरते आणि उत्तर तेवढे पडद्यावर परत येते. समोरच्या यंत्रात प्रवाशांची यादी नसते की भाड्याचा हिशेब नसतो. थिन क्लायंट ही याच कल्पनेची आजची आवृत्ती आहे. कार्यक्रम आणि दस्तऐवज सर्व्हरवर राहतात. टर्मिनल केवळ तिथले चित्र दाखवते आणि कळफलक व माऊस यांच्या हालचाली सर्व्हरकडे पोहोचवते. ‘थिन’ हा शब्द डबीच्या जाडीबद्दल नाही, तिच्यावर पडणाऱ्या कामाबद्दल आहे.

हा विषय सध्या शाळा, वाचनालये, पतसंस्था आणि लहान कार्यालये यांच्या दारात येऊन उभा राहिला आहे, त्याला एक तात्कालिक कारण आहे. विंडोज १० ची सर्वसाधारण मोफत सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि साधारणतः आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा इंटेल प्रोसेसर लागतो. चालू स्थितीतील असंख्य संगणक त्यामुळे एका दिवसात ‘जुने’ ठरले. ते भंगारात घालावेत की टर्मिनल म्हणून आणखी काही वर्षे वापरावेत, हा खर्चाचा आणि पर्यावरणाचाही प्रश्न आहे. उत्तर मात्र सरसकट देता येत नाही.

थोडी पूर्वपीठिका

आयबीएमचे ३२७० टर्मिनल १९७१ चे आणि डिजिटल इक्विपमेंटचे व्हीटी१०० हे १९७८ चे. दोन्हींवर केवळ अक्षरे दिसत. चित्रमय पडदा जाळ्यावरून दूरच्या यंत्रावर दाखवणारी एक्स विंडो प्रणाली १९८४ मध्ये एमआयटीत जन्मली. ओरॅकलच्या लॅरी एलिसन यांनी १९९६ च्या सुमारास ‘नेटवर्क कॉम्प्युटर’चा मोठा गाजावाजा केला, पण साध्या संगणकांच्या किमती घसरत गेल्या, जाळी संथ होती आणि ती लाट ओसरली. कल्पना चुकीची नव्हती, वेळ चुकली होती. १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज एनटी ४.० ची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती काढली आणि १९९९ मध्ये जिम मॅक्विलन यांनी लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट, म्हणजेच एलटीएसपी, सुरू केला. आजची बहुतेक उभारणी या दोहोंपैकी एका वाटेने होते.

दोन वाटा, आणि त्यांतील गफलत

पहिल्या वाटेत सगळी गणना सर्व्हर करतो आणि टर्मिनलकडे पडद्याचे चित्र आरडीपीसारख्या संकेतप्रणालीतून येते. दुसऱ्या वाटेत टर्मिनलमध्ये हार्ड डिस्क नसली तरी चालते. ते सुरू होताना संपूर्ण कार्यप्रणाली जाळ्यावरून घेते, पण त्यानंतर कार्यक्रम स्वतःच्या प्रोसेसरवर आणि स्वतःच्या रॅममध्ये चालवते. २०१९ मध्ये नव्याने लिहिला गेलेला एलटीएसपी मुळात या दुसऱ्या प्रकारे चालतो. अनेक जुन्या मार्गदर्शिका मात्र पहिला प्रकार गृहीत धरून लिहिलेल्या आहेत आणि त्या वाचून खरेदी करणाऱ्यांची पंचाईत होते. पहिल्या वाटेत सर्व्हर दणकट हवा आणि टर्मिनल कसेही चालते. दुसऱ्या वाटेत सर्व्हर मध्यम असला तरी भागते, पण टर्मिनलमध्ये निदान दोन, आणि ब्राउझर वापरायचा तर चार जीबी रॅम असलेली बरी. निविदा काढण्यापूर्वी आपली वाट कोणती हे कागदावर लिहून ठेवणे, हे या कामातील सर्वांत स्वस्त आणि सर्वाधिक दुर्लक्षित पाऊल आहे.

सर्व्हरच्या रॅमचा अंदाज बांधण्यासाठी जुन्या एलटीएसपीच्या काळात एक सूत्र प्रचलित होते : मूळ २५६ एमबी, अधिक प्रत्येक वापरकर्त्यामागे १९२ एमबी. त्या हिशेबाने २० टर्मिनलना ४ जीबी पुरत. आज ते सूत्र विसरलेले बरे, कारण ब्राउझरचे चार-सहा पाने उघडलेले एकच सत्र एक जीबीच्या पुढे सहज जाते. पहिल्या वाटेने २० जणांना कार्यालयीन काम करायचे असेल, तर ३२ जीबी ही सुरुवात समजावी, आणि चकती एसएसडीच असावी. सकाळी दहाच्या ठोक्याला वीस जण एकदम लॉगिन करतात तेव्हा फिरत्या चकतीची दमछाक होते, मग प्रोसेसर कितीही चांगला असो.

जाळ्याबाबत एक गणित लक्षात ठेवण्याजोगे आहे. १९२० गुणिले १०८० बिंदूंचा पडदा, प्रत्येक बिंदूला २४ बिट आणि सेकंदाला २५ चित्रे, असा विचार केला तर संकोच न करता पाठवायची माहिती सेकंदाला सव्वा गिगाबिटच्या घरात जाते. पत्रलेखन आणि हिशेबाच्या कामात पडद्याचा लहानसा भागच बदलत असल्याने आणि बदल तेवढाच पाठवला जात असल्याने प्रत्यक्षात फार थोडी क्षमता लागते. पण एका वर्गातील वीस मुलांनी एकाच वेळी चित्रफीत सुरू केली की पहिल्या वाटेचा सर्व्हर गुडघे टेकतो. प्रत्येक चित्र त्यालाच उलगडावे लागते आणि पुन्हा आक्रसून पाठवावे लागते. संगणक प्रयोगशाळेत चित्रफिती दाखवायच्या असतील तर दुसरी वाट धरावी. गिगाबिट स्विच आणि कॅट-६ केबल दोन्ही वाटांना हवेच. वायफायवर टर्मिनल चालवता येते, पण जाळ्यावरून सुरू होणारे यंत्र वायफायवरून सहसा सुरूच होत नाही.

उभारणी

एलटीएसपीची उभारणी उबुंटू किंवा डेबियन बसवलेल्या एका संगणकावर होते. सर्व्हरवर हवे ते कार्यक्रम, मराठी टंक आणि कळफलक बसवून घ्यावेत आणि त्या सर्व्हरचीच एक संकुचित प्रतिमा तयार करावी. टर्मिनलच्या बायोसमध्ये जाऊन ‘नेटवर्क बूट’ किंवा ‘पीएक्सई’ हा पर्याय अग्रक्रमी आणावा. यंत्र तरीही सुरू झाले नाही तर ‘सिक्युअर बूट’ बंद करून पाहावे. टर्मिनल चालू होताच जाळ्यावर हाक देते, सर्व्हर त्याला ती प्रतिमा कुठे मिळेल ते सांगतो आणि मिनिटभरात लॉगिनचा पडदा येतो. वापरकर्त्याचे दस्तऐवज सर्व्हरवरच राहतात, त्यामुळे तो आज पहिल्या बाकावर आणि उद्या शेवटच्या बाकावर बसला तरी त्याला आपलेच काम समोर दिसते.

इथे दोन ठिकाणी नवख्यांची गाडी अडते. सर्व्हरवर नवा कार्यक्रम बसवला तरी प्रतिमा पुन्हा तयार करेपर्यंत तो टर्मिनलवर दिसत नाही. नवीन वापरकर्ता जोडल्यावरही एलटीएसपीची आरंभिक फाइल नव्याने घडवावी लागते, नाहीतर सांकेतिक शब्द बरोबर असूनही लॉगिन होत नाही. दुसरी अडचण इंटरनेट पुरवठादाराच्या राउटरची. तोही जाळ्यावरच्या यंत्रांना पत्ते वाटत असतो. सर्व्हरही पत्ते वाटू लागला की दोघांच्या भांडणात काही टर्मिनल सुरू होतात, काही होत नाहीत, आणि दोष केबलला दिला जातो. पत्ते राउटरनेच वाटावेत आणि सर्व्हरने केवळ सुरू होण्याची माहिती पुरवावी, अशी ‘प्रॉक्सी डीएचसीपी’ची सोय एलटीएसपीत आहे, तीच वापरावी.

विंडोज सर्व्हरची उभारणी दिसायला सोपी आहे, पण तिचा काटा परवान्यात आहे. रिमोट डेस्कटॉप सेवा बसवल्यावर तिच्या परवान्यांशिवाय १२० दिवस सारे सुरळीत चालते. पुरवठादार बिल घेऊन गेलेला असतो आणि चार महिन्यांनी एका सकाळी कोणालाच लॉगिन करता येत नाही. हे परवाने दर व्यक्तीमागे किंवा दर यंत्रामागे मिळतात. दोनशे विद्यार्थी पाळीपाळीने वीस टर्मिनल वापरत असतील तर यंत्रामागचा परवाना घ्यावा. दहा कर्मचारी कार्यालयातून, घरून आणि शाखेतून काम करत असतील तर व्यक्तीमागचा. लेखन-हिशेबाच्या पॅकेजचा परवाना सामायिक सर्व्हरवर चालतो का, हेही वेगळे विचारून घ्यावे. दुकानातून घेतलेली एका संगणकाची प्रत तिथे सहसा चालत नाही.

टर्मिनल म्हणून काय घ्यावे? तयार डब्या डेल वाइज, एचपी आदींच्या मिळतात. २०१९ चा रास्पबेरी पाय ४ हे पत्त्याच्या डावाएवढे यंत्रही आरडीपीसाठी पुरते. हैदराबादच्या वाचकांना ठाऊक असेल की, अविभाजित आंध्र प्रदेशातील हजारो सरकारी शाळांत एनकंप्युटिंगच्या साधनांनी एका संगणकावर अनेक विद्यार्थी बसवण्याचा मोठा प्रयोग २००८ च्या सुमारास झाला. जुनाच संगणक वापरायचा तर पंख्यातली धूळ काढून, हार्ड डिस्क सोडवून तो जाळ्यावरून सुरू करावा. डिस्क काढताना तिच्यावरील सभासदांची किंवा विद्यार्थ्यांची माहिती पुसली गेल्याची खात्री करावी. भंगारवाल्याकडे ती तशीच जाता कामा नये.

मराठी, छपाई आणि वीज

पहिल्या वाटेत अक्षरे सर्व्हरच रेखाटतो, म्हणून मराठी टंक एकदा सर्व्हरवर बसवला की सर्व टर्मिनलांवर दिसतो. कळफलकाचे तसे नाही. आरडीपी जोडणीच्या वेळी टर्मिनल स्वतःच्या कळफलकाची मांडणी सर्व्हरला कळवते. ती इंग्रजी असेल तर सर्व्हरवर निवडलेले इनस्क्रिप्ट दर लॉगिनला गायब झाल्यासारखे वाटते. टर्मिनलवर आणि सर्व्हरवर दोन्हीकडे तीच मांडणी ठेवली की तक्रार सहसा मिटते. छापखाने आणि वृत्तपत्र कार्यालये यांतील जुन्या मराठी लेखनप्रणालींना यूएसबीत खोचायचे डोंगल लागते. ते टर्मिनलला लावून सर्व्हरवरच्या कार्यक्रमाला दिसेलच असे नाही. अशा कामासाठी एक स्वतंत्र संगणक राखून ठेवणे शहाणपणाचे.

पतसंस्थांची खरी कसोटी पासबुक छपाईयंत्राशी असते. ती यंत्रे पुष्कळदा जुन्या सिरियल किंवा पॅरलल जोडणीची असतात आणि अनेक थिन क्लायंटना ती खोबणीच नसते. विक्रेत्याने ‘होईल’ म्हटले तरी आपल्याच काउंटरवर, आपल्याच पासबुकाच्या एका पानावर छापून दाखवायला सांगावे. साधी छपाईयंत्रे मात्र टर्मिनलला न जोडता थेट जाळ्यावर ठेवावीत, त्याने निम्मे कटकटीचे प्रसंग टळतात.

विजेचा फायदा खरा आहे. ८० वॅटचे २० संगणक १६०० वॅट खातात. १० वॅटची २० टर्मिनल आणि २५० वॅटचा सर्व्हर मिळून ४५० वॅट होतात. पडद्यांची वीज दोन्हीकडे सारखीच. पंखा नसल्याने किनाऱ्यावरची खारी, दमट हवा आणि धूळ आत ओढली जात नाही, हा गोव्यासाठी छोटा फायदा नव्हे. पण पावसाळ्यात वीज लपंडाव खेळते तेव्हा एक टर्मिनल बंद पडल्याने काही बिघडत नाही, सर्व्हर बंद पडला तर सगळे कार्यालय थांबते. म्हणून यूपीएसवर आधी सर्व्हर, मग स्विच, मग राउटर. स्विचला विसरण्याची प्रथा फार जुनी आहे. सर्व्हरमध्ये परस्परांची प्रत ठेवणाऱ्या दोन चकत्या असाव्यात आणि शिवाय रोजची प्रत इमारतीबाहेर जावी. थिन क्लायंटवर वाचवलेले पैसे इथेच खर्च व्हायला हवेत. ते न करता सर्व्हरही स्वस्तातला घेणाऱ्याने ही योजना मुळात स्वीकारूच नये.

रोजचा वापर

कर्मचाऱ्यांना एक फरक नीट समजावून द्यावा लागतो. आरडीपीत खिडकी मिटली किंवा टर्मिनलचे बटण बंद केले म्हणजे काम बंद झाले असे नाही. सत्र सर्व्हरवर तसेच चालू राहते, उघडलेली वही उघडीच राहते. वीज गेल्यावर हे वरदान ठरते, कारण परत लॉगिन केले की कर्सर होता तिथेच सापडतो. पण संध्याकाळी ‘साइन आउट’ न करता घरी जाणारे पंधरा जण सर्व्हरची रॅम अडवून बसतात. दोन तास निष्क्रिय राहिलेले सत्र आपोआप मिटेल, अशी मर्यादा व्यवस्थापकाने घालून ठेवावी आणि ती सर्वांना आधी सांगावी. दोघांनी एकच वापरकर्तानाव वापरण्याची सवयही मोडावी. एकाने लॉगिन केले की दुसऱ्याचा पडदा त्याच्या हातून निसटतो.

टर्मिनल चोरीला गेले तरी दस्तऐवज जात नाहीत. उलट, सर्व्हरपर्यंत कोणी पोहोचला तर सगळेच त्याच्या हाती लागते. घरून काम करण्याच्या सोयीसाठी आरडीपीचे ३३८९ हे द्वार थेट इंटरनेटवर उघडे ठेवू नये. २०१९ मध्ये ब्लूकीप नावाचा जो दोष उघडकीस आला, तो सांकेतिक शब्दाशिवाय जुन्या विंडोज यंत्रांत शिरू देणारा होता. बाहेरून येणाऱ्यांना व्हीपीएनमधूनच आत घ्यावे.

मे महिन्याच्या सुटीनंतर शाळा उघडते तेव्हा एक तक्रार हमखास येते. टर्मिनल सुरू होते, जाळे सापडते, पण सर्व्हरशी जोडणी ‘असुरक्षित’ म्हणून नाकारली जाते. अशा वेळी पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख पाहावी. आतला नाण्याएवढा सेल संपून घड्याळ कित्येक वर्षे मागे गेलेले असते, आणि त्या तारखेला सर्व्हरचे प्रमाणपत्र अजून जन्मलेलेच नसते. सेल बदलून तारीख लावली की टर्मिनल पूर्ववत चालू लागते.